व्याह्यांच्या आठ पिढ्या

उल्हास फणसळकरच्या जावयाचे सात पूर्वज बापू गद्र्यांनी भर मांडवात माईकवरून वाचून दाखवले, आणि त्या दिवसापासून मला जेवण नीट पचेनासं झालं. मांडव आपला म्हणायचा. होता तो एडमंटनमधल्या एका हॉटेलचा बँक्वेट हॉल.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कन्यादानाच्या वेळी गुरुजी वराच्या पणजोबांचं, आजोबांचं आणि वडिलांचं नाव घेतात. अमुकाचा प्रपौत्र, तमुकाचा पौत्र, फलाण्याचा पुत्र. तीन नावं. शास्त्र तीनच मागतं. पण उल्हासला आयुष्यात कधी शास्त्राने मागितलं तेवढंच देऊन समाधान झालं आहे का? त्याचा जावई पडला स्कॉटिश. त्या लोकांचं एक कुळ, कुळाचा एक चौकटीचा कपडा, त्या कपड्याचे घागरे घातलेले आठ पुरुष आणि पिशवी काखेत धरून वाजवणारा एक वाजंत्री असा सगळा सरंजाम हॉलमध्ये हजर होता. त्यात बापू एकेक पणजोबा, खापरपणजोबा सुराला लावून म्हणत गेले. सातव्या नावाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्षता हातात असताना टाळ्या! माझ्याही हातून वाजल्या, याचं मला जास्त दुःख आहे.

उल्हास आणि मी एकाच कॉलेजचे. तो चौऱ्याहत्तर साली कॅनडात आला, मी पंचाहत्तर साली, आणि ते एक वर्ष मला अजून भरून काढता आलेलं नाही. त्याचं घर दरीच्या काठावर, माझं बसस्टॉपच्या. त्याचा बर्फ उडवायचा स्नो ब्लोअर दोन टप्प्यांचा, माझा एकाचा. इथल्या मराठी मंडळाचा पहिला अध्यक्ष तो. मी सलग नऊ वर्षं खजिनदार, म्हणजे शिव्या खाणारा. मी हेवा करणारा माणूस नाही. पण काही गोष्टी डोळ्यांना दिसतात त्याला माणूस काय करणार?

तर पुढच्याच वर्षी, दोन हजार सतराच्या ऑगस्टसाठी, आमच्या ईशिताचं लग्न ठरलं. मुलगा कर्टिस हाउगेन. नॉर्वेजियन वंशाचा, कॅमरोज गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, इथे शहरात फिजिओथेरपिस्ट. मुलगा चांगला. माझा खांदाही त्याने बरा केला आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला मला जागा उरलेली नाही. त्याचे वडील डेल. हा माणूस दिवसाकाठी मोजून दहा-बारा शब्द बोलतो आणि त्यातले निम्मे हवामानाबद्दल असतात.

पण या डेलपायी माझं घर मला परकं झालं होतं. आमची ईशिता, जिने लहानपणी बोंबलाच्या वासाने घर डोक्यावर घेतलं होतं, ती या डेलबरोबर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला जायला लागली. नुसती जायला नाही, मासे साफही करायला लागली. त्याच्या आईने विणलेला स्वेटर घालून आमच्याकडे यायची, म्हणजे डबे न्यायला यायची, आणि दारातच बूट न काढता म्हणायची, "बाबा, कान्ट स्टे, डेल इज वेटिंग." मी बेचाळीस वर्षं या देशात आहे. मी वाट बघतोय म्हणून ती कधी कुठून अशी घाईने निघाली नाही.

असो. तर बापूंना मी बोलावलं. बापू गद्रे म्हणजे निवृत्त पाइपलाइन इंजिनिअर. आता पौरोहित्य करतात. मंत्रही ते प्रेशर टेस्ट घेतल्यासारखे तपासून म्हणतात.

"गोत्र?" बापूंनी विचारलं.

"नॉर्वेजियन लोकांना कसलं गोत्र?"

"मग काश्यप. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप. डिफॉल्ट सेटिंग आहे ते. पणजोबा, आजोबा, वडील?"

मी डेलला फोन लावला. तो म्हणाला, "मी डेल. वडील नॉर्मन. आजोबा ओले. आज पाऊस येईल असं वाटतंय." फोन ठेवला. तीन पिढ्या एका मिनिटात झाल्या.

"झालं तर," बापू म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

"झालं कसं? उल्हासच्या जावयाच्या सात वाचल्यात ना तुम्ही?"

"त्यांनी सात दिल्या, मी सात वाचल्या."

"मग मी आठ देतो."

आमच्या सौभाग्यवती जयंती चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ती म्हणाली, "अहो, स्वतःच्या आजोबांच्या वडिलांचं नाव सांगा बघू." मी म्हटलं, हा विषयांतराचा प्रकार आहे.

इथून माझं कार्य सुरू झालं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याचे पूर्वज शोधून पाहिले नव्हते.

पहिला सल्ला शेजारच्या ढिल्लनसाहेबांचा. ते कुंपणापलीकडून म्हणाले, "ओ मुरुडकरजी, सीधा डीएनए टेस्ट कराओ. थूको और भूल जाओ." त्यांनी स्वतः केली होती. त्यात ते सगळेच्या सगळे पंजाबी निघाले होते, आणि हे ते एवढ्या अभिमानाने सांगत होते की जसं काही निकालाबद्दल आधी शंका होती. मी किट मागवलं. त्यात एक नळी असते, तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं. ती नळी घेऊन मी कॅमरोजला निघालो तेव्हा जयंती दारात आडवी झाली. "व्याह्यांकडे पहिल्यांदा जाताना माणसं नारळ नेतात. थुंकायला नळी कोण नेतं?"

मी नारळही घेतला. डेलने नारळ बराच वेळ हातात फिरवून पाहिला आणि नळीत मात्र एक शब्द न बोलता थुंकला. निकाल आला: स्कॅंडिनेव्हियन. एवढंच. हे मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून फुकट कळलं असतं.

मग मी एका सरकारी दफ्तरखान्यात गेलो. तिथे जुन्या वसाहतकऱ्यांना मिळालेल्या जमिनींचे कागद असतात. काउंटरवरच्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी एक अर्ज दिला. त्यात मयताशी तुमचं नातं काय, असा रकाना. आता ओले हाउगेन माझा कोण? इंग्रजी ही एवढी मोठी भाषा. तिच्यात ऊर्ध्वपातनाला शब्द आहे, पण व्याह्याला नाही! मी लिहिलं, माझ्या मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या वडिलांचे आजोबा. रकान्याबाहेर गेलं, मग समासात वर चढवलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "सो... नो रिलेशन," त्या म्हणाल्या.

"नो रिलेशन?" मी म्हणालो. "मॅडम, या नात्यापुढे आमच्याकडे माणसं कमरेत वाकतात! यांच्या मानपानावरून भावाभावांत बोलणं तुटतं! याच्यापेक्षा जवळचं—"

"आय विल पुट 'फ्रेंड'," त्या म्हणाल्या.

मयत माणूस मी या देशात येण्यापूर्वीच वारलेला. त्याचा मी फ्रेंड. तो अपमान गिळून मी कागद पाहिला. त्यात जमीन होती, तारीख होती, नॉर्वेतल्या गुडब्रांड्सडाल नावाच्या दरीचा उल्लेख होता. बापाचं नाव नव्हतं.

पण दरी सापडली होती, आणि एकदा गाव कळल्यावर मराठी माणसाला अडवणारा कोण? नॉर्वेच्या लोकांनी एक फार मोठं पुण्यकर्म करून ठेवलं आहे. त्यांच्या चर्चची जुनी पुस्तकं, कोण जन्मला, कोण लग्नात पडला, कोण गाव सोडून गेला, सगळी पानं फोटो काढून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. फक्त ती गॉथिक अक्षरात आहेत. माझे आजोबा मोडी लिहायचे. ती मला येत नाही. ही त्या मोडीची मोठी बहीण निघाली. एका पाद्र्याने तर असं लिहिलं होतं की बाप्तिस्मा देताना पोर हातात धरूनच लिहिलं असावं.

मी ईशिताला सहज, अगदी सहज, त्या पानाचा फोटो पाठवला. 'कर्टिसच्या घराण्याचं काम करतोय' असं खाली लिहिलं. आणि चमत्कार झाला. बुधवारी संध्याकाळी ती आली. बूट काढून आली.

"बाबा, दिस इज सो कूल. व्हेअर आर वी लुकिंग?"

ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बेसमेंटमधल्या त्या टेबलाशी ती शेवटची बसली होती ती शाळेत भूमितीसाठी, आणि तेव्हा आम्ही दोघेही रडलो होतो. आता ती गॉथिक अक्षरं माझ्यापेक्षा भराभर लावायला लागली. मी भिंग धरायचो, ती वाचायची. जयंती वरून थालीपीठ पाठवायची. पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली, मग पुढच्याही. जाता जाता म्हणायची, "सेम टाइम, बाबा?" मी उगीच कॅलेंडर बघितल्यासारखं करायचो. कॅलेंडर जानेवारीचंच होतं. तिकडे कोण बघतो?

आता हाउगेन. हे आडनाव पाहताच मी सगळी व्यवस्था ओळखली. हाउगेन म्हणजे त्यांच्याकडे शेताचं, वस्तीचं नाव. म्हणजे आपलं 'कर' प्रकरण! मुरुडचा तो मुरुडकर, हाउगेनचा तो हाउगेनकर. मी ईशिताला अर्धा तास समजावून सांगितलं की आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कोणी मुरुडला राहिलं नाही, तरी आम्ही मुरुडकरच. माणूस कुठेही जावो, गाव त्याच्या पाठीला चिकटलेलं असतं. तेव्हा दरीतलं हाउगेन शेत शोधायचं, तिथला ओले शोधायचा, की वर आख्खी शिडी.

आणि सापडलं! हाउगेन नावाचं दणदणीत शेत, त्यावर अठराशे ब्याऐंशी सालच्या आसपास जन्मलेला ओले, त्याचे वडील आंदेर्स, गावचे लेन्समान. लेन्समान म्हणजे आपल्याकडचे पोलीस पाटील. आंदेर्सचे वडील तॉल्लेफ, त्यांनी चर्चला घंटा दिलेली. त्यांचे वडील पुन्हा आंदेर्स, मग गुत्तोर्म, आणि सगळ्यात वर हाल्वोर. मी बोटं मोजली. डेल, नॉर्मन, ओले, आंदेर्स, तॉल्लेफ, आंदेर्स, गुत्तोर्म, हाल्वोर. आठ!

मी उठून बेसमेंटमध्ये दोन फेऱ्या मारल्या. उल्हासचा सातवा पूर्वज माझ्या डोळ्यांसमोर खाली मान घालून बसला.

पण सुख म्हणजे बघा, एका हाताने येतं आणि दुसऱ्या हाताने चिमटा काढतं. हाउगेन घराणं जसं मोठं व्हायला लागलं तशी ईशिता त्यात बुडायला लागली. मधुचंद्राला नॉर्वेला जायचं ठरलं, ते शेत पाहायला. बटाट्याची पोळी असते त्यांची, लेफ्सा म्हणून. ती लाटायला ती डेलच्या आईकडे बसायला लागली. जयंतीने जन्मभर पोळपाट पुढे केला तेव्हा हिला ॲलर्जी होती. एक दिवस म्हणाली, "ईशिता हाउगेन साउंड्स नाइस, नो?" म्हणजे मीच रोज फावडं घेऊन पोरीच्या सासरचा किल्ला बांधत होतो आणि तीच त्यात राहायला जात होती. आपलेच दात, आपलेच ओठ! रात्रभर मला मुरुडचा राग येत होता. मुरुडला कोणी घंटा दिली नाही.

मे महिन्यात डेल आम्हाला ओलेच्या थडग्यावर घेऊन गेला. कॅमरोजबाहेर एक पांढरं लाकडी चर्च, भोवती वारा, आणि वाऱ्यात उभा डेल. दगडावर कोरलेलं: ओले पी. हाउगेन. मी बॅनरसाठी फोटो काढत होतो. हो, बॅनर. आठ फुटी. तळाशी कर्टिस, टोकाला हाल्वोर.

जयंतीने दगड वाचला आणि मला बाजूला घेतलं. "अहो, मध्ये पी आहे."

"मग?"

"मध्ये बापाचं नाव असतं ना? बाप तर आंदेर्स म्हणता. मग पी कुठनं आला?"

आता मला सांगा, जिचं सगळं आयुष्य जयंती हेमचंद्र असं लिहिण्यात गेलं तिला हे दिसलं. ज्याला इथल्या बँकेने चाळीस वर्षं वडिलांच्या नावाने हाक मारली, त्या मला दिसलं नाही. मी म्हणालो, "नॉर्वेत तसं नसतं. पी म्हणजे पॉल वगैरे असेल. तुला थंडी वाजतेय, गाडीत बस."

बॅनर छापून आला. बेसमेंटच्या भिंतीवर लावला. उल्हासला मुद्दाम चहाला बोलावून मुद्दाम खाली नेला, स्नो ब्लोअर दाखवायच्या निमित्ताने, मे महिन्यात. तो वरपासून खालपर्यंत वाचत गेला. "आठ?" म्हणाला. मी म्हटलं, "वर अजून असतील, पण म्हटलं, पुरे." त्या रात्री मला फार छान झोप लागली. तेवढी एकच.

कारण पुढच्याच शनिवारी मला अवदसा आठवली. कॅमरोजला नॉर्वेजियन लोकांचा एक क्लब आहे. उच्चार बरोबर करून घ्यावेत, बापूंना नीट शिकवावेत, म्हणून मी कागद घेऊन तिथे गेलो. तिथल्या व्हर्ना बाई म्हणजे जुन्या शाळेच्या हेडमास्तरीण. त्यांनी माझा वंशवृक्ष वाचला आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघतात तसं बघितलं.

"हा ओले आंदेर्सचा मुलगा?"

"येस."

"मग तो आंदेर्सेन झाला. दगडावर पी आहे म्हणता. पी म्हणजे पेदेर्सेन. बाप पेदेर."

"पण हाउगेन—"

"मिस्टर मुरुडकर, शेताचं नाव माणसाचं नसतं. शेताचं असतं. तुम्ही त्या शेतावर राहिलात की ते तुम्हाला लागतं. मालक असा, नाहीतर गोठ्यातला गडी. दुसऱ्या शेतावर गेलात की त्या शेताचं नाव. हा पोरगा बोटीत बसण्याआधी हाउगेनवर मजुरी करत असणार. पाटलांचा ओले कुठे गेला नाही. त्याने वडिलांचं शेत सांभाळलं. शेत असलेला माणूस बोटीत का बसेल?"

बाईंनी लेफ्सा पुढे केली. मी ती खाल्ली, चव काही कळली नाही.

घरी येईपर्यंत हायवेवर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काय उलटी दुनिया! आमच्याकडे माणूस गाव सोडतो तेव्हाच गावाचं नाव लावतो. मुरुडमध्ये राहणाऱ्याला मुरुडकर कोण म्हणणार? यांच्याकडे गाव सोडलं की नाव सोडायचं. त्या न्यायाने मी बेचाळीस वर्षं एडमंटनकर आहे. आणि खरं सांगतो, पहिली गोष्ट जी मला वाटली ती दुःख नव्हे. मला आनंद झाला. घंटा गेली! पोलीस पाटील गेले! आता दाखवा म्हणावं ईशिताला कुठलं शेत दाखवता ते. हा आनंद साधारण अर्ध्या रस्त्यापर्यंत टिकला. मग मला बॅनर आठवला, उल्हास आठवला, आणि बुधवार आठवला. शिडीच मोडली तर ती कशाला यायची? गुत्तोर्म सोडला तर तिच्या-माझ्यात सामाईक असं काही नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही. बुधवारी ईशिता आली, आम्ही गुत्तोर्मच्या बायकोचं माहेर शोधत बसलो. मी भिंग धरलं. भिंग भलत्याच ओळीवर होतं, ती म्हणाली, "बाबा, यू ओके?" मी म्हटलं, थंडी. जूनमध्ये. जयंतीला सगळं कळलं होतं; तिने वरून थालीपीठ पाठवलं नाही, स्वतः घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "कोणाला कळणार आहे?" मी तिला नंतर म्हणालो. ती म्हणाली, "कोणालाच नाही. तुमच्या नातवंडांनासुद्धा नाही. ती बिचारी दुसऱ्याच्याच पणजोबांना नमस्कार करतील."

जुलैत डेल आला, लग्नाच्या खुर्च्यांचं काही विचारायला. खुर्च्यांचं झालं, हवामानाचं झालं. मग म्हणाला, "ते दाखवा ना, भिंतीवरचं. ईशी म्हणत होती." आमच्या मुलीला तो ईशी म्हणतो. मी त्याला खाली नेलं.

तो बॅनरसमोर टोपी काढून उभा राहिला. आंदेर्सवर बोट ठेवलं. "पोलीस होता?"

"तसाच. मोठा माणूस."

मग डेलने एका दमात मी ऐकलेलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण केलं. "गंमत आहे. आजोबा कुणी गणवेशातला माणूस अंगणात आला की कोठारात जाऊन बसायचे. पोस्टमन आला तरी. मी लहान होतो, मला वाटायचं लपाछपी खेळतायत. मोठ्या माणसाचा मुलगा असं का करेल?"

मला उत्तर माहीत होतं. आणि तो माणूस टोपी छातीशी धरून दुसऱ्याच्याच बापाकडे बघत होता, माझ्यामुळे.

"डेल," मी म्हणालो, "हे तुमचे नाहीत." आणि सगळं सांगितलं. पेदेर, गोठा, मजुरी, पी. माझं इंग्रजी अशा वेळी थर्मोडायनॅमिक्सच्या परीक्षेसारखं होतं. सगळं सांगितलं पण कशालाच क्रियापद नव्हतं.

डेलने टोपी घातली. "ओके," म्हणाला. मग जिन्याकडे जाता जाता थांबला. "दॅट साउंड्स मोअर लाइक अस." आणि हसला. चक्क हसला! त्याला वाईट वाटलं नाही, लाज वाटली नाही, पाटलाच्या घंटेचा मोह नाही. आठच्या जागी तीनच उरले तरी या माणसाच्या पोटात काही दुखत नव्हतं. मला त्याचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही.

बुधवारी मी ईशिताला फोन केला. म्हटलं, काम संपलं, येऊ नकोस, आपलं चुकलं. ती म्हणाली, "डेल टोल्ड मी. सो हू इज पेदेर?"

"म्हणजे?"

"म्हणजे शोधायचा ना त्याला? लग्नाला मंथ आहे, बाबा. आय ॲम ऑन माय वे. आईला सांग थालीपीठ."

पेदेर शोधणं म्हणजे फार वाईट काम. मोठ्या लोकांचे पूर्वज एका जागी बसलेले असतात, गरिबाचे हलत असतात. हा पेदेर दर दोन-चार वर्षांनी दुसऱ्याच्या शेतावर झोपडी बांधायचा आणि दर वेळी त्याचं आडनाव बदलायचं. एका पोराच्या बाप्तिस्म्याला तो बाक्केन, दुसऱ्याच्या वेळी मोएन, तिसऱ्याला हाउगेन. आम्ही भांडलो. ती एका पेदेरवर अडून बसली, मी दुसऱ्यावर. ती म्हणाली मी स्टबर्न आहे, मी म्हणालो ती आईवर गेली आहे, वरून जयंतीने विचारलं काय म्हणालात. शेवटी निघाला तिचाच पेदेर बरोबर. त्याचा बाप ओले, आणि तिथे वाट बंद. पुढे त्या दरीत सगळेच ओले आणि सगळेच पेदेर.

डेल, नॉर्मन, ओले, पेदेर, ओले. पाच. पाच म्हणजे सात नव्हेत. हे मी स्वतःला बऱ्याच प्रकारे समजावून पाहिलं.

लग्न झालं. ढिल्लनसाहेबांनी अंतरपाट धरला आणि एक टोक उंच धरल्यामुळे कर्टिसला आधीच बायको दिसली. बापूंनी काश्यप गोत्र लावून पाचही नावं स्वच्छ, घाई न करता म्हटली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पेदेरचं नाव आलं तेव्हा ईशिताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या ओळीत डेल रुमालात नाक शिंकरत होता. हवामान कोरडं होतं.

मी उल्हासला टाळत होतो. तीन वेळा जेवणाची रांग बदलली. पण कॉफीच्या भांड्यापाशी त्याने मला गाठलंच. श्रीखंडाची वाटी हातात, चमचा तसाच. मी तयारीत होतो. म्हणेल, काय रे, आठाचे पाच झाले?

"हेमचंद्र, एक विचारू?" तो म्हणाला. "ईशिता म्हणे दर बुधवारी यायची तुझ्याकडे?"

"हो. ते पूर्वजांचं काम होतं ना."

"म्हणजे तुम्ही दोघं बसून शोधलंत? तू आणि ती?"

"मग कोण शोधणार? तुझ्या सात नाही का शोधल्यास?"

"त्या व्याह्यांनी ईमेलने पाठवल्या. अटॅचमेंट होती. मी नुसती बापूला फॉरवर्ड केली, उघडलीसुद्धा नाही." त्याने तिकडे नाचणाऱ्या लोकांकडे पाहिलं. त्याची यामिनी घागरेवाल्या नवऱ्याबरोबर कोपऱ्यात फोन बघत उभी होती. "यामिनी येते की. ख्रिसमसला येते. बाकी टेक्स्ट करते. थम्स अप वगैरे." मग श्रीखंडात चमचा फिरवत, "तुझी आल्यावर किती वेळ बसायची?"

मी त्याच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत हा चेहरा मी उल्हासवर कधी पाहिला नव्हता. पण ओळखला लगेच. रोज सकाळी दाढी करताना आरशात माझ्यासमोर हाच असायचा.

अशा वेळी मोठ्या मनाच्या माणसाने मित्राच्या खांद्यावर हात ठेवावा, म्हणावं, अरे, पोरं बिझी असतात, चालायचंच. माझा हात अर्धा वर गेलाही.

"जेवून जायची?" उल्हासने विचारलं.

"जेवून?" मी म्हणालो. "अरे, कित्येकदा राहायचीसुद्धा."

राहिली होती एकदाच, आणि तीही गाडी सुरू होईना म्हणून.